थॉमस अल्वा एडिसन आणि आपल्या घरातील दिवा

विजेच्या दिव्याचा विषय निघाला की शाळेतील मुले एका आवाजात एकच नाव घेतात, ते म्हणजे थॉमस अल्वा एडिसन. ज्या दिव्यामुळे हे नाव घरोघर पोहोचले तो पिवळा दिवा, आपल्याकडे ज्याला गोळा किंवा लट्टू म्हणतात तो, आता मागे पडत चालला आहे. त्याची जागा एलईडी दिव्याने घेतली आहे. तरीसुद्धा हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा या आपल्या पाचही तालुक्यांत स्वयंपाकघरात, ओसरीवर, गोठ्यात किंवा न्हाणीघरात जुना गोळा लोंबताना दिसतो. तो स्वस्त मिळतो म्हणून ठेवलेला असतो. ठेवावा की काढावा, हा प्रश्न दिसायला अगदी लहान आहे. पण महिन्याच्या बिलाशी आणि मुलांच्या रात्रीच्या अभ्यासाशी त्याचा थेट संबंध आहे. ज्या माणसाने तो गोळा घडविला त्याच्या चरित्रातच या प्रश्नाचे उत्तर बरेचसे सापडते, असे माझे मत आहे. म्हणून पालक बंधू-भगिनींसाठी आणि विद्यार्थी मित्रांसाठी हे चरित्र लिहीत आहे.

एडिसन यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात मिलान या गावी झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील सॅम्युअल निरनिराळे उद्योग करून पाहणारे गृहस्थ होते, तर आई नॅन्सी विवाहापूर्वी शिक्षिका होती. पुढे हे कुटुंब मिशिगन राज्यात पोर्ट ह्युरॉन येथे राहावयास गेले. तेथे लहानग्या थॉमसची शाळा सुरू झाली आणि थोड्याच महिन्यांत संपलीही.

या शाळा सुटण्याविषयी एक गोष्ट हल्ली मोबाईलवर फार फिरते. शिक्षकांनी म्हणे एक चिठ्ठी दिली. तुमचा मुलगा मंद आहे, त्याला शाळेत पाठवू नका, असे तीत लिहिले होते. आईने मात्र रडत रडत ती उलट वाचून दाखविली आणि तुमचा मुलगा इतका हुशार आहे की त्याला शिकविण्याची आमची पात्रता नाही, असे सांगितले. गोष्ट डोळ्यांत पाणी आणणारी आहे, पण तिला आधार नाही. स्वतः एडिसन यांनी पुढे सांगितलेली हकीकत वेगळी आहे. शिक्षक आपल्याला अर्धवट डोक्याचा म्हणतात हे त्या मुलाने आपल्या कानांनी ऐकले, घरी येऊन आईला सांगितले, आणि आई तडक शाळेत जाऊन मास्तरांशी भांडून आली. मग तिने मुलाला घरीच शिकविले. मला तर ही खरी हकीकतच अधिक मोलाची वाटते. आईने काही लपविले नाही. ती मुलाच्या पाठीशी उभी राहिली आणि नंतरचे कष्टही तिनेच घेतले. तिने मुलाच्या हाती इतिहासाचे आणि विज्ञानाचे मोठमोठे ग्रंथ दिले. पदार्थविज्ञानाचे एक शालेय पुस्तक त्याला इतके आवडले की त्यातील प्रयोग तो घराच्या तळघरात करून पाहू लागला.

बाराव्या वर्षी थॉमस आगगाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. गाडी सकाळी पोर्ट ह्युरॉनहून डेट्रॉईटला जाई आणि संध्याकाळी परत येई. मधला वेळ तो डेट्रॉईटच्या वाचनालयात काढी. सामानाच्या डब्यात त्याने छोटी प्रयोगशाळा थाटली, एक लहानसे छपाईयंत्र ठेवले आणि स्वतःचे साप्ताहिकही छापले. एकदा रसायनाची बाटली पडून डब्यात आग लागली आणि हे सारे बिऱ्हाड गाडीखाली उतरवावे लागले.

त्या वेळी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. एप्रिल १८६२ मध्ये शायलो येथे मोठी लढाई झाली. थॉमसने युक्ती केली. पुढच्या स्थानकांवर तारेने बातमीचे मथळे पाठविण्याची व्यवस्था केली, रोजच्यापेक्षा कितीतरी अधिक अंक उधारीवर उचलले, आणि गाडी पुढे जाईल तसतशी किंमत चढवीत सारे अंक खपविले. तारयंत्राची ताकद त्याला त्या दिवशी कळली. त्याच वर्षी एका स्टेशनमास्तरचे लहान मूल रुळांवर खेळत असता त्याने धावत जाऊन त्याला वाचविले. कृतज्ञ पित्याने त्याला तारयंत्राचे काम शिकविले. पुढली काही वर्षे एडिसन गावोगाव तारमास्तर म्हणून हिंडले. लहानपणापासून त्यांना ऐकू कमी येई आणि वयाबरोबर बहिरेपणा वाढत गेला. पण तारयंत्राची टकटक त्यांना ऐकू येत असे आणि बाकीचा गोंगाट ऐकू येत नसे, याचा ते फायदाच मानीत.

त्यांचे पहिले पेटंट १ जून १८६९ चे. विधिमंडळातील मते विजेच्या साह्याने झटपट मोजण्याचे ते यंत्र होते. यंत्र उत्तम चालत होते, पण ते कोणालाच नको होते. मतमोजणी लवकर आटोपावी अशी पुढाऱ्यांची इच्छाच नव्हती. लोकांना जे हवे आहे तेच बनवायचे, असे एडिसन यांनी तेथून ठरविले. पुढे न्यूयॉर्कमध्ये शेअरबाजाराचे भाव छापणाऱ्या यंत्रात सुधारणा करून त्यांनी चांगला पैसा मिळविला. १८७६ मध्ये न्यू जर्सी राज्यात मेन्लो पार्क या खेड्यात त्यांनी आपली प्रयोगशाळा उभारली. तोवर शोधक म्हटला की एकटा झिजणारा माणूस डोळ्यांपुढे येई. येथे मात्र गणिती, लोहार, काचकाम करणारा, नकाशे काढणारा असे सारे एका छताखाली रात्रंदिवस काम करू लागले. १८७७ मध्ये येथेच ध्वनिमुद्रण करणारे फोनोग्राफ यंत्र जन्माला आले आणि एडिसन यांचे नाव जगभर झाले.

आता दिव्याकडे वळू. त्या काळी रात्री उजेड कसा मिळे? आपल्याकडे चिमणी, कंदील आणि दिवाणखान्यात फार तर हंडी. अमेरिका-युरोपातही खेड्यांत रॉकेलचेच दिवे होते. मोठ्या शहरांत नळाने आलेला कोळशाचा गॅस जळे. तो खोली तापवी, भिंती काळ्या करी आणि आगीची भीती असे ती वेगळीच. विजेचा दिवाही होता, पण तो कमानदिवा. दोन कोळशाच्या कांड्यांमध्ये ठिणगीची कमान पेटे आणि तिचा प्रकाश इतका प्रखर असे की तो रस्त्यावर किंवा कारखान्यातच चाले. स्वयंपाकघरात तो लावणे म्हणजे घरात सूर्य आणून टांगणे. १८७८ च्या सप्टेंबरात एडिसन यांनी असे कमानदिवे एका कारखान्यात पाहिले आणि त्यांच्या डोक्यात एकच विचार घोळू लागला. हा मोठा उजेड लहान लहान तुकड्यांत वाटून घरोघर कसा देता येईल?

तार तापवून तिचा उजेड पाडण्याची कल्पना काही त्यांची नव्हती, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच हम्फ्री डेव्ही यांनी ते करून दाखविले होते. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान हे त्याच सुमारास कार्बनच्या तंतूचा दिवा तयार करीत होते आणि १८७९ च्या आरंभी त्यांनी तो लोकांना दाखविलाही. पुढे दोघांनी भांडत बसण्यापेक्षा इंग्लंडात एकत्र कंपनी काढली. मग एडिसन यांचे श्रेय कशात? माझ्या मते ते हिशेबात आहे.

त्यांनी पहिला विचार दिव्याचा केला नाही, गॅसच्या बिलाचा केला. गॅसवाल्यापेक्षा महाग उजेड कोण विकत घेईल? आणि विजेच्या उजेडात सर्वांत महाग वस्तू कोणती, तर तांब्याची तार. विज्ञानाच्या तासाला आपण शिकतो की तारेतून जितका अधिक प्रवाह वाहील तितकी ती अधिक तापते, आणि प्रवाह दुप्पट झाला की ही नासाडी चौपट होते. ती टाळायची तर तार जाड हवी, म्हणजे तांबे अधिक. इतरांच्या दिव्यांचा रोध अगदी थोडा असे, त्यामुळे ते प्रवाह फार ओढीत. मेन्लो पार्कमधील फ्रान्सिस अप्टन या तरुण गणितज्ञाने आकडेमोड करून दाखविली की तंतूचा रोध शंभर ओहमांच्या वर नेला आणि दाब सुमारे ११० व्होल्ट ठेवला तर प्रवाह थोडा लागेल आणि तांब्याचा खर्च आवाक्यात येईल. म्हणजे तंतू केसासारखा बारीक हवा, लांब हवा आणि तरी जळून जाता कामा नये. सारी धडपड होती ती अशा एका तंतूसाठी.

आधी प्लॅटिनमच्या तारा झाल्या. त्या महाग होत्या आणि वितळत. मग कार्बन. कार्बनला हवा लागली की तो जळतो, म्हणून काचेच्या फुग्यातील हवा पाऱ्याच्या पंपाने जवळजवळ पूर्ण काढून घ्यावी लागली. फुगे फुंकायला लुडविग बोएम नावाचा जर्मन कारागीर होता. चार्ल्स बॅचलर हा एडिसन यांचा उजवा हात. ऑक्टोबर १८७९ मध्ये शिवणकामाचा साधा सुती दोरा भाजून त्याचा कार्बन केला, तो फुग्यात बसविला, आणि तो दिवा साडेतेरा तासांहून अधिक जळला. आपण आज खिशात घालतो त्या टॉर्चपुढेही त्याचा उजेड फिका पडला असता, पण तो न विझता जळत राहिला, यातच सारे आले. १८७९ च्या ३१ डिसेंबरला मेन्लो पार्कमध्ये लोकांसाठी दिव्यांची आरास केली. ती पाहायला खास आगगाड्या सोडाव्या लागल्या. २७ जानेवारी १८८० रोजी दिव्याचे पेटंट मिळाले.

एवढ्यावर ते थांबले नाहीत, कारण साडेतेरा तासांचा दिवा कोण विकत घेणार? झाडपाल्याचे हजारो प्रकार भाजून पाहिले. शेवटी एका पंख्याच्या कडेला लावलेली बांबूची चिवटी हाती आली आणि ती सर्वांहून टिकाऊ ठरली. मग उत्तम बांबूच्या शोधात माणसे देशोदेशी धाडली. जपानमधील क्योटोजवळचा बांबू निवडला गेला. त्याचा तंतू हजार-बाराशे तास टिके.

या दिव्याच्या इतिहासात लुईस लॅटिमर यांचे नाव फारसे कोणी घेत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. १८४८ मध्ये जन्मलेल्या या कृष्णवर्णीय माणसाचे आईवडील गुलामगिरीतून पळून आलेले होते. लॅटिमर यांनी एका पेटंट वकिलाच्या कचेरीत हरकाम्याची नोकरी करता करता, इतरांचे पाहून, जुनी साधने विकत घेऊन नकाशे काढण्याची कला साधली. १८८२ मध्ये कार्बनचे तंतू अधिक चांगले करण्याच्या पद्धतीचे पेटंट त्यांनी मिळविले. ते त्या वेळी एडिसन यांच्या प्रतिस्पर्धी कंपनीत होते, पुढे एडिसन यांच्याकडे आले. विजेच्या दिव्यांवर त्यांनी १८९० मध्ये पुस्तकही लिहिले. शाळा अर्धवट सुटलेल्या आपल्या मुलांना एडिसन यांच्यापेक्षा लॅटिमर अधिक जवळचे वाटतील.

दिव्याच्या किमतीची हकीकत मोठी गमतीची आहे. सुरुवातीला एक दिवा बनवायला एडिसन यांना १ डॉलरहून अधिक खर्च येई, आणि ते तो विकत ४० सेंटला. पहिली वर्षे प्रत्येक दिव्यामागे तोटा. पण त्यांचा हिशेब असा की संख्या वाढली, यंत्रे सुधारली की खर्च उतरेल. तसेच झाले. चौथ्या वर्षी खर्च ४० सेंटच्या खाली आला आणि विक्री इतकी वाढली होती की मागचा तोटा एका वर्षात भरून निघाला. हीच कथा आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा घडली आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली. त्याआधी, २०१४ च्या सुमारास, सरकारी खरेदीत एका एलईडी दिव्याला ३१० रुपये पडत होते. एकदम कोट्यवधी दिव्यांची मागणी नोंदविल्यामुळे २०१६ पर्यंत तीच किंमत ३८ रुपयांवर आली. देशभर या योजनेत ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. एलईडी महाग असतो ही तक्रार पूर्वी खरी होती. ती आजही करणाऱ्याने दुकानात जाऊन एकदा भाव विचारावा.

नुसता दिवा करून भागत नाही, त्याला वीज हवी. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीट येथे एडिसन यांचे वीजकेंद्र सुरू झाले. रस्ते खणून तारा जमिनीखाली घातल्या होत्या. पहिल्या दिवशी सुमारे चारशे दिवे लागले. होल्डर, बटण, फ्यूज, मीटर, जनित्र, सारे नव्याने घडवावे लागले. मीटर तर फार नवलाचा होता. जस्ताच्या पट्ट्या द्रावणात बुडविलेल्या असत. जितकी वीज वापरली तितके जस्त एका पट्टीवरून दुसरीवर जाई. महिन्याला कारकून येऊन पट्ट्या काढून नेई आणि तराजूत तोलून बिल करी. याच १८८२ साली आपल्या मुंबईतही क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आताची महात्मा फुले मंडई, विजेच्या दिव्यांनी उजळली होती. खेडोपाडी वीज पोहोचायला मात्र आणखी पाऊणशे वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ जावा लागला.

आता एडिसन यांचाच हिशेब आपल्या घराला लावून पाहू. वॅट म्हणजे उजेड नव्हे. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो ते. उजेड मोजतात ल्युमेनमध्ये. ६० वॅटचा गोळा सुमारे ७०० ल्युमेन उजेड देतो. ९ वॅटचा चांगला एलईडी ८०० ते ९०० ल्युमेन देतो. गोळ्यात तंतू तापून पांढरा-पिवळा होतो तेव्हा उजेड पडतो, आणि घेतलेल्या विजेपैकी जेमतेम विसावा हिस्सा उजेड होतो, बाकी सारी उष्णता. उन्हाळ्यात, मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तो गोळा म्हणजे एक लहानशी शेगडीच.

रोज ५ तास दिवा लागतो असे धरा. वर्षाचे १८२५ तास झाले. ६० वॅटचा गोळा तेवढ्या वेळात १०९ युनिट खाईल आणि ९ वॅटचा एलईडी साडेसोळा युनिटांच्या आत राहील. फरक ९३ युनिटांचा. युनिटचा दर स्लॅबप्रमाणे बदलतो, तो प्रत्येकाने महावितरणच्या आपल्या बिलावर पाहावा. सोयीसाठी ८ रुपये धरला तर एका दिव्यामागे वर्षाला ७४० रुपयांच्या वर वाचतात. घरात असे तीन दिवे असतील तर २२०० रुपये झाले. त्यात मुलांच्या वह्या, कंपास आणि एक गणवेश सहज बसतो. शिवाय गोळा हजार तासांचा सोबती, वर्षात दोन तरी लागणार. रमजानमध्ये सहेरीला दिवे लवकर लागतात, परीक्षेच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत जळतात, ते तास मी धरलेले नाहीत.

झिरोच्या बल्बचे तर सांगूच नका. झिरो म्हणजे शून्य वीज, अशी समजूत घरोघर आहे. तो साधारण १५ वॅटचा असतो. जुन्या चकतीच्या मीटरवर तो एकटा लागला तर चकती फिरताना दिसत नसे, त्यावरून हे नाव पडले. रात्रभर, ८ तास, लावला तर वर्षाला जवळजवळ ४४ युनिट होतात. वर सांगितलेला ९ वॅटचा दिवा अडीच वर्षे जळेल इतकी ही वीज. त्याऐवजी अर्ध्या वॅटचा एलईडी लावला तर वर्षाला दीड युनिट पुरते.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे दाब. संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की दाब उतरतो आणि गोळा निखाऱ्यासारखा लालसर होतो. दाब दहा टक्के घसरला तर गोळ्याचा उजेड सुमारे तीस टक्के घटतो. अशा उजेडात मूल वहीवर नाक टेकवून लिहिते. चांगल्या एलईडीच्या आत एक लहानसे परिपथ असते, ते दाब कमी-जास्त झाला तरी उजेड सारखा ठेवते. मात्र हेच परिपथ त्याचे नाजूक अंगही आहे. पेटीवर २५००० तास लिहिलेले असते, पण दाबाचे झटके बसले किंवा दिवा बंद काचेच्या हंडीत कोंडला तर आतील भाग तापून तो वर्षभरातही जातो. म्हणून रस्त्यावरच्या ढिगातील बिननावाचा दिवा घेऊ नये. ल्युमेनचा आकडा, तारांकित लेबल आणि हमीची मुदत पाहून घ्यावा, पावती जपून ठेवावी आणि हमीत गेला तर दुकानदाराला परत द्यावा. लोक हमी असूनही दिवा कचऱ्यात टाकतात.

गोळ्याच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. कोंबडीच्या नुकत्याच निघालेल्या पिल्लांना ऊब द्यायची तर गोळाच हवा, एलईडी तेथे निरुपयोगी. जरीकाम, भरतकाम करणाऱ्या आपल्या भगिनींना दोऱ्याच्या रंगछटा जुळवायच्या असतात. गोळ्याच्या उजेडात रंग जसे पूर्णपणे उमटतात तसे स्वस्त एलईडीत उमटत नाहीत, तांबडा विशेषतः मळकट दिसतो. त्यांनी पेटीवर रंगदर्शनाचा आकडा ९० च्या वर असलेला दिवा शोधावा, किंवा रंग दिवसा जुळवावेत. बाकी घरात गोळा ठेवण्यास मला तरी कारण दिसत नाही.

एडिसन यांना हे पटले असते का? येथे त्यांच्या चरित्रातील दुखरा भाग येतो. त्यांची वीज एकाच दिशेने वाहणारी होती. ती मैलभराच्या पुढे नेणे परवडत नसे. जॉर्ज वेस्टिंगहाऊस आणि निकोला टेस्ला यांनी उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाची पद्धत आणली. तीत दाब वाढवून वीज दूरवर नेता येई. ज्याने तांब्याचा हिशेब करून जग जिंकले, त्याला हा तांब्याचाच हिशेब पटेना. नवी वीज प्राणघातक आहे हे दाखविण्यासाठी १८८८ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत कुत्री, वासरे आणि एक घोडा विजेच्या धक्क्याने मारण्यात आला. हे प्रयोग हॅरॉल्ड ब्राउन नावाच्या माणसाने केले, पण जागा आणि साह्य एडिसन यांचे होते. १८९० मध्ये न्यूयॉर्क राज्यात विजेच्या खुर्चीवर पहिली फाशी दिली गेली, तीही प्रतिस्पर्ध्याच्या जनित्रावर. एवढे करून हार ती झालीच. १८९२ मध्ये त्यांची कंपनी दुसऱ्या कंपनीत मिसळून जनरल इलेक्ट्रिक झाली आणि तिच्या नावातून एडिसन हा शब्द गळाला. पुढच्याच वर्षी शिकागोचे जागतिक प्रदर्शन वेस्टिंगहाऊस यांच्या दिव्यांनी झळकले. आपल्या येलदरी धरणाच्या पायथ्याशी तयार होणारी वीज असो की परळीची, ती तारांवरून गावोगाव येते ती त्यांनी नाकारलेल्या पद्धतीनेच. यावर एक गंमत अशी की एलईडीला आतून एकदिश वीजच लागते. त्याच्या बुडाशी असलेले परिपथ घरातील वीज पुन्हा एडिसन यांच्या पद्धतीची करून घेते.

संसारातही त्यांचे सारे गोड नव्हते. १८७१ मध्ये मेरी स्टिलवेल यांच्याशी विवाह झाला. पहिल्या दोन मुलांना ते तारयंत्राच्या भाषेतील टिंब आणि रेघ यांच्या नावांनी हाक मारीत. पण रात्रंदिवस प्रयोगशाळेत राहणाऱ्या बापाचा सहवास त्या मुलांना थोडाच मिळाला. १८८४ मध्ये मेरी वारल्या. १८८६ मध्ये मीना मिलर यांच्याशी दुसरा विवाह झाला. थोरला मुलगा पुढे भोंदू औषधवाल्यांना आपले नाव विकू लागला आणि बापाला कोर्टात जाऊन ते थांबवावे लागले. जगाला उजेड देणाऱ्या माणसाच्या घरातील हा कोपरा अंधाराच राहिला.

पुढच्या काळात त्यांनी चलच्चित्रे केली, चुंबकाने लोखंडाची माती वेगळी करण्याच्या धंद्यात जमविलेली संपत्ती घालविली, सिमेंटचा कारखाना काढला आणि बॅटरीवर दहा वर्षे खर्चून ती यशस्वी केली. डिसेंबर १९१४ मध्ये वेस्ट ऑरेंज येथील त्यांच्या कारखान्याला भीषण आग लागली. वय ६७ होते. त्यांनी लगेच बांधकाम सुरू केले. त्यांच्या नावावर अमेरिकेत १०९३ पेटंटे जमा झाली.

त्यांचा बांबूचा दिवा मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत जुना झाला. जनरल इलेक्ट्रिकमधील विल्यम कूलिज यांनी १९१० च्या सुमारास टंग्स्टनची तार ओढण्याची रीत शोधली आणि आज आपण पाहतो तो गोळा तयार झाला. त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी तांबडा उजेड देणारा एलईडी केला. यात काहीच तापवून लाल करायचे नसते. अर्धवाहकाच्या दोन थरांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन खालच्या पातळीवर येतात आणि सुटलेली ऊर्जा सरळ प्रकाश होऊन बाहेर पडते. निळा एलईडी मिळेना म्हणून पांढरा उजेड तीस वर्षे अडला. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या जपानी शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी ते कोडे सोडविले आणि २०१४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या उजेडावर पिवळ्या भुकटीचा लेप दिला की तो पांढरा होतो. घरातील बंद पडलेला एलईडी, होल्डरमधून काढल्यावर, उघडून पाहिला तर त्या पिवळ्या टिकल्या विद्यार्थ्यांना सहज दिसतील.

१९२९ च्या ऑक्टोबरात दिव्याला पन्नास वर्षे झाली म्हणून हेन्री फोर्ड यांनी मेन्लो पार्कची इमारत मिशिगनमध्ये नव्याने उभी करून मोठा सोहळा केला. ८२ वर्षांच्या एडिसन यांनी तेथे आपला जुना दिवा पुन्हा लावून दाखविला. दोन वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९३१ रोजी, वेस्ट ऑरेंज येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. २१ तारखेला दफन झाले. त्या रात्री देशभर लोकांनी मिनिटभर दिवे मालविले. विजेचा सारा पुरवठाच क्षणभर बंद करावा अशी सूचना आली होती, परंतु इस्पितळे, पाण्याचे पंप आणि लिफ्ट बंद पडतील म्हणून ती सोडून द्यावी लागली. तेव्हा ज्याने त्याने आपापल्या घरातील बटण बंद केले. मालविलेले ते दिवे जवळजवळ सारे टंग्स्टनचे होते.